बरी न झालेल्या बोटांची साक्ष

माझी बोटं वाकडी आहेत आणि ती आता सरळ होणार नाहीत. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण एकदा हे सांगायला मी फार उशीर केला होता.

संधिवात. तोही म्हातारपणीचा नाही, चांगला बेचाळिसाव्या वर्षी आला. सकाळी उठलं की मुठी मिटायच्या नाहीत. नळ उघडेना, ब्लाउजचे हूक लागेनात, कणकेचं तर नावच नको. आम्ही भोपाळला अयोध्या नगरात राहतो. आमचे हे कारखान्यात टेक्निशियन, मूळचे नगरकडचे, आणि मी एका शाळेत संगीत शिकवायचे, म्हणजे मुख्यतः पेटी वाजवायचे. गुडघे गेले असते तर चाललं असतं, पाठ गेली असती तरी चाललं असतं. नेमकी बोटंच! मला भयंकर राग आला होता आणि तो मी देवापासून लपवला नाही. भांडी विसळताना मोठ्याने विचारायचे, "मी काय केलं होतं रे बाबा?" माझी पापंही आठवून पाहिली. एकदा खोटं आजारपण सांगून शाळेला दांडी मारली होती, नणंदेची नवी साडी मुद्दाम पाहिली नाही असं दाखवलं होतं, असलीच सगळी. त्यासाठी दहाच्या दहा बोटं म्हणजे जरा जास्तच झालं.

आमची मराठी मंडळी लहान, वीसेक घरांची. सगळे नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेले. आनंद नगरमधल्या हिंदी चर्चची उपासना आटोपली की रविवारी दुपारी ती इमारत आम्हाला मिळते. पोरं आपसात हिंदीत बोलतात, पण गाणी, प्रार्थना आणि साक्ष मराठीत. साक्ष म्हणजे काय, तर ज्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना केली त्याने पुढे येऊन देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. नोकरी लागली, साक्ष. ऑपरेशन नीट झालं, साक्ष. नवऱ्याची दारू सुटली, साक्ष आणि वर पेढे. न लागलेल्या नोकरीची साक्ष द्यायला मात्र कुणी उठत नाही.

माझ्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या तशी माणसंही घरी यायला लागली. चांगली माणसं, डबे घेऊन यायची. पण चहा झाला की कुणीतरी हळूच मुद्द्यावर यायचं. एक बाई माझा हात कुरवाळत म्हणाल्या, "मनात कुणाबद्दल काही राहिलंय का बघ गं. कुणाला क्षमा करायची राहिली असेल."

"हो," मी म्हटलं, "आत्ता तुम्हालाच करतेय."

त्या पुढचे दोन महिने आल्या नाहीत. यांनी मला त्यावरून बरंच ऐकवलं, आणि मग आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसले.

काका मात्र असलं काही कधीच विचारायचे नाहीत. काका म्हणजे मंडळीतले सगळ्यात मोठे, अठ्ठ्याहत्तरचे, सरकारी हापिसातून रिटायर झालेले, मुलाकडे कोलार रोडला राहणारे. माझ्या दुखण्याला पाच वर्षं झाली, आणि त्या पाच वर्षांत ते दर बुधवारी रिक्षा करून एवढ्या लांब यायचे. बुधवारी दिवसभर माझ्यासाठी उपास. संध्याकाळी डोक्यावर हात ठेवून इतक्या मोठ्याने प्रार्थना करायचे की देवबापाला कमी ऐकू येतं अशी शेजाऱ्यांची समजूत झाली असेल. मग आमच्याच घरी पोह्यांवर उपास सोडायचे. माझ्या सख्ख्या माणसांनीही माझ्यासाठी एवढं केलं नाही.

घोळ झाला तो जानेवारीत. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा मुलगा लग्नाला गेला होता आणि गाणं पेटीशिवाय रखडत चाललं होतं. मला राहवेना. सकाळीच दुखण्याची गोळी घेतली होती, म्हटलं बघू. पेटीसमोर बसले आणि तीन बोटांनी, दातओठ खात, सगळी कडवी वाजवली. गाणं संथ होतं म्हणून निभावलं. शेवटचा सूर थांबला नाही तोच काका उठून ओरडले, "हालेलुया! पोरीची बोटं मोकळी झाली!"

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण काकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. सगळे टाळ्या वाजवत होते. मी तोंड मिटलं. त्या टाळ्यांतच काकांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या महिन्यात मंडळीच्या वर्धापनदिनी माझी साक्ष होईल, हिंदी मंडळीलाही बोलवायचं, इटारसीहून पाहुणे येतील.

संध्याकाळी बोटं मक्याच्या कणसासारखी टम्म फुगली. यांनी शेकायला गरम पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "आराम आहे एवढंच सांग. थोडा आहेच की."

लेक मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, तू फालतूमध्ये टेन्शन घेतेयस. बोल ना दोन मिनिटं. आजोबा खूश होऊन जातील."

खूश तर ते होतेच. पुढच्या बुधवारी सगळं सांगायचं ठरवून मी पोहे केले, म्हणजे यांनी केले आणि मी शेजारी उभी राहून चुका काढल्या. काका आले, पण त्या दिवशी उपास नव्हता, आभार मानायला आले होते. दोनदा पोहे मागून घेतले. म्हणाले, "उभा जन्म लोकांसाठी प्रार्थना केली, पण असं रोकडं उत्तर कधी मिळालं नव्हतं गं. आता देवाने बोलावलं तरी सुखाने जाईन." सांगायचं ते तसंच राहिलं. मी त्यांना चहा दिला.

पुढचे तीन आठवडे माझी नुसती तगमग. खरं बोलले तर या म्हाताऱ्याची पाच वर्षं मी भर सभेत पाण्यात घालणार. खोटं बोलले तर देवाच्या नावावर, त्याच्याच घरात. आणि खोट्याने आणखीही एक गोष्ट जाणार होती, ते मला त्या दिवसांत कळलं. भांडता भांडता कधीतरी माझा राग निवला होता. सकाळी मुठी मिटत नाहीत तेव्हा मी पडल्या पडल्या देवाशी बोलते, पूर्वी भांडायचे, आता नुसत्या गप्पा मारते. त्याने मला बरं केलं नाही, पण तो उठूनही गेला नाही. ही माझी खरी मिळकत होती, आणि खरं सांगायचं तर मी त्यात सुखी होते. बोटं बरी झाली असं म्हटलं असतं तर हे सगळं मला नाकारावं लागलं असतं. ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

वर्धापनदिनी चर्च भरलं होतं. बाहेर मांडवात पुलाव शिजत होता, त्याचा वास आतपर्यंत येत होता. पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कोट घालून. मी पुढे गेले आणि दोन्ही हात वर करून दाखवले.

"बघा," मी म्हटलं, "ही बरी झालेली नाहीत. त्या दिवशी मी गोळी खाऊन वाजवलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा गप्प बसले. ती माझी चूक. काकांच्या प्रार्थनेत काही खोट नव्हती. मी काही लपवलेलं पाप केलेलं नाही, तेही सांगून ठेवते. मला हे का झालं ते ठाऊक नाही. पण पाच वर्षांत देवाने मला एक दिवसही एकटीला सोडलं नाही. मी आनंदात आहे. एवढीच माझी साक्ष."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हालेलुया म्हटलं नाही. मी जागेवर येऊन बसले. पाळकसाहेब गाण्याचा नंबर सांगणार इतक्यात काका उठले. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांदेखत माझी हजेरी घेणार.

"मलाही साक्ष द्यायची आहे," ते म्हणाले. नेहमी खणखणीत असणारा तो आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "मला दिसत नाही. काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली, पवित्र शास्त्रातलं एक अक्षर वाचता येत नाही. रविवारी वाचनाच्या वेळी मी पुस्तक उघडून उभा राहतो, पण ते सगळं पाठ असलेलं म्हणतो. तुम्हाला सांगितलं नाही, कारण लाज वाटली. लोकांसाठी प्रार्थना करणारा माणूस स्वतःच असा, मग त्याच्या प्रार्थनेवर कोण विश्वास ठेवील? पोरगी म्हणाली ते मला दोन वर्षांत जमलं नाही. माझ्यासाठीही प्रार्थना करा."

सगळी मंडळी उभी राहिली. मी त्यांच्याकडे गेले, रडत होते हे सांगायला नकोच. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि असा काही दाबला की मी भर चर्चमध्ये कळवळले, "अहो काका, हळू! दुखतोय तो!"

"मग आधी सांगायचं की गं," काका म्हणाले आणि पकड सैल केली. हात मात्र सोडला नाही.