आरशासमोर हसून पाहिलं

मित्रांनो, आज सकाळी उठलो तर डोकं ठणकत होतं आणि डावा हात जड वाटत होता. बीपीची गोळी चार दिवसांपासून बंद होती. पाकीट संपलं, बरं वाटत होतं, आणायचं राहून गेलं.

नालवाडीच्या घरात मी एकटाच असतो. लकवा तर नाही ना, म्हणून आरशासमोर हसून पाहिलं, दोन्ही हात वर केले, स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं. कालपासून तोंडातून निघालेला तो पहिलाच शब्द. जीभ जड झाली की नुसता घसा बसला, काही कळेना.

मागच्या वर्षी बायकोचं बोलणं असंच अडखळलं होतं. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, पड थोडी. लिंबूपाणी दिलं. दोन तासांनी दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की मेंदूत रक्तस्राव झालाय. ती घरी परत आली नाही.

म्हणून आज थांबलो नाही. शेजारच्या वहिनींच्या फाटकात जाऊन विचारलं, "वहिनी, माझं तोंड वाकडं दिसून राह्यलं का?"

"नाई भाऊजी, सरळच आहे. पण घाम काऊन येऊन राह्यला?" त्यांनी लगेच ऑटो बोलावला आणि सोबत आल्या.

दवाखान्यात तपासलं तर बीपी भलताच वाढला होता. मेंदूचा स्कॅन केला, त्यात काही निघालं नाही. गोळी मनाने बंद केली म्हणून डॉक्टर रागावले.

परतताना वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी एकदा तोंड दाखवून जात जा."

तुमच्या शेजारी कोणी एकटं राहतं का? आज त्याचा चेहरा कोणी पाहिला?