सालोमेच्या दारातला हिकरीचा खांब

सालोमे ट्रेक्सलर मूळची फटकळ बाई. पण १८६४ च्या त्या ऑक्टोबरात तिनं तोंडाला कुलूपच घातलं होतं. थोरला मुलगा योनास उत्तर-दक्षिणेच्या लढाईत मारला गेला होता. धाकट्या लेव्हीचं नाव सक्तीच्या भरतीच्या सोडतीत निघालं, तेव्हापासून तो कोठारातल्या गवताखाली दडून बसला होता. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते. भरती चुकवणाऱ्यांना पकडायला सरकारी शिपाई अधूनमधून चक्कर मारून जायचा.

त्यात अध्यक्षाची निवडणूक आली. लिंकन हवा की लढाई थांबवू म्हणणारे हवेत, यावरून भाऊ भावाशी बोलेना. हे खोरं लढाई थांबवणाऱ्यांचं. त्यांची रीत अशी, की हिकरीचं उंच झाड तोडायचं आणि शेंड्याचा पाला तसाच ठेवून त्याचा खांब चौकात उभा करायचा. ज्याचा खांब उंच, त्याचा पक्ष भारी! मतं द्यायला डोकं लागतं. खांब बघायला नुसती मान वर केली की भागतं.

सगळ्यात सरळ हिकरी नेमकी सालोमेच्या बांधावर, आणि चौक तिच्या कोठारासमोर.

"काकू, झाड द्या," शेजारचा पीटर किस्टलर म्हणाला. "आपण लेव्हीसाठीच तर झगडतोय."

"लेव्हीसाठी काही करायचंच असेल, तर माझ्या दारात गर्दी करू नका."

"नाही म्हणालात तर लोक म्हणतील, ट्रेक्सलरीण लिंकनवाल्यांना फितूर झाली. मग कुणाकुणाचं तोंड धरणार?"

"धमकी देतोस, पीटर?"

"छे हो! लोक कसे असतात ते सांगतोय."

द्यावं तर शिपाई दारात, न द्यावं तर शेजारी उलटणार. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं झाड दिलं आणि दिवसभर स्वतःवरच जळफळत राहिली.

खांब उभारायला सारा गाव लोटला. गंमत बघायला लिंकनवालेही आले, आणि त्यांच्यात तो शिपाई. सालोमे कोठाराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

तरणे हात लढाईवर गेलेले. दोर ओढायला म्हातारेच उरले होते. खांब अर्धा उठला, डगमगला आणि बायकापोरांच्या अंगावर कलू लागला.

"धरा!" पीटर ओरडला.

गावात कुणाचंही कोठार उभारताना ही हाक आली, की असेल तिथून धावायचं, विचार मागून करायचा. सालोमेच्या नवऱ्यानं दोन्ही पोरांच्या अंगी हे लहानपणीच मुरवलं होतं. तिच्या पाठीमागचं दार धाडकन उघडलं. केसांत गवत, ऊन न लागून पांढराफटक पडलेला लेव्ही तिला ओलांडून धावला आणि त्यानं खांबाला खांदा लावला.

खांब थांबला.

"पळ, लेव्ही!" सालोमे किंचाळली.

"कसा पळू, आई? सोडला तर खाली येईल."

शिपाई याच खोऱ्यातला. तो पुढे आला नाही. कुंपणाला टेकून म्हणाला, "खड्डा भरून घ्या तुम्ही. मी आहे इथंच."

म्हाताऱ्यांनी फावडी उचलली. सालोमे खांबापाशी गेली. तिनं लेव्हीच्या केसांतलं गवत काढलं.

"सावकाश भरा रे," ती म्हणाली. "एकेक दगड नीट बघून बसवा."

पीटरनं उचललेला दगड खाली ठेवला आणि तो दुसरा शोधू लागला.