पिवळतोंड्या आणि लालतोंड्या

पाखरांवरून वाद झाला की वस्तीतले लोक कुंडिलकडे यायचे. त्यामुळे राजधानीतल्या संग्रहालयाच्या कोनिओबाई मधपक्ष्यांच्या जाती ठरवायला डोंगरावर आल्या, तेव्हा वाटाड्या म्हणून सगळ्यांनी त्यालाच पुढे केलं.

"काका, या काळ्या मधपक्ष्याच्या जाती किती?"

"दोन. पिवळतोंड्या आणि लालतोंड्या. डोळ्याभोवतीची कातडी बघायची."

"नक्की?"

"लहानपणापासून बघतोय, बाई!" कुंडिल जरा फणकाऱ्यानंच म्हणाला.

दोन जाती म्हटल्यावर दोन्हींचे नमुने हवेत. जाळी लागली, दोघेही सापडले: पिवळतोंड्या नुकताच अडकून निपचित, लालतोंड्या धडपडत. जाळ्यातून सोडवून, जिवंत, उबदार असतानाच, कुंडिलनं ते बाईंच्या हातात दिले. बाईंनी ते मारून, पेंढा भरून पेटीत ठेवले.

पुढे काही दिवसांनी त्याची बायको पालिम शेतातून ओरडली. घेवड्याच्या वेलात एक मधपक्षी अडकला होता. पिवळतोंड्या. कुंडिलनं त्याला सोडवून मुठीत धरलं. पाखरू तडफडलं, चोची मारू लागलं, आणि बघता बघता पिवळी कातडी नारिंगी झाली, मग लालभडक.

"अगं बाई, लाजलं की हे!" पालिम हसली.

"चिडलंय."

"मग तुमच्या दोन जाती कुठं गेल्या?"

कुंडिलनं मूठ उघडली. पाखरू सुरूच्या झाडावर जाऊन बसलं. शांत झाल्यावर त्याचं तोंड पुन्हा पिवळं पडलं. त्या दुपारी कुंडिलनं रताळं निखाऱ्यावरच सोडलं. तो उठून बाईंच्या मुक्कामाच्या तळाकडे निघाला.

त्याचं ऐकून बाईंनी पेटी उघडली. दोन्ही पाखरांच्या तोंडांचा रंग उडून ती सारखीच राखाडी झाली होती.

"पंख, चोची मोजल्या तर सारख्याच; तेव्हाच मला शंका आली होती," बाई म्हणाल्या. "तेव्हाच थांबून आणखी बघायला हवं होतं. मारलं मी, काका."

"माझ्या शब्दावर मारलंत. एकाच पाखरावर भागलं असतं."

बाईंनी पाखरांच्या पायांना बांधलेल्या जातीच्या चिठ्ठ्या सोडवल्या. नव्या चिठ्ठ्यांवर लिहिलं: एकच जात.

कुंडिलनं वस्तीत स्वतःच ही चूक सांगितली. लोकांनी महिनोन्‌महिने चिडवलं, "लालतोंड्या आला रे!" ते त्यानं सोसलं. पण आता कुणी पाखराबद्दल विचारलं, तर तो लगेच उत्तर देत नाही. "आधी बघून येतो," म्हणतो आणि एकटाच रानात जातो. जाळी लावली होती ती वाट मात्र टाळतो.