मागच्या दाराने न गेलेली अर्लीन

डेट्रॉईटमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांवर खटला भरणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. अर्लीन मॅकेथनने ते मोजले, आणि मोजता मोजता पुरते खिळखिळे केले.

आमच्या केस कापायच्या दुकानात तिची खुर्ची माझ्या शेजारी. गाड्यांच्या वायरिंगचे भाव कंपन्यांनी आपसांत गुपचूप ठरवले आणि त्याचा भुर्दंड नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला बसला, हे उघडकीला आलं. आमच्या मिशिगन राज्यातल्या सगळ्या ग्राहकांच्या वतीने उभं राहायला दावा लावणाऱ्या वकिलाला एक माणूस हवं होतं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, नवी गाडी घेतलेल्या अर्लीनने नाव दिलं.

तिचा धाकटा भाऊ डेलबर्ट त्यातल्याच एका कंपनीत वायरी जोडायचा. तो तणतणत दुकानात आला.

"कारखाना बंद पडला तर मी काय इथे केस झाडू?"

"झाडता येतात का तुला?" अर्लीन म्हणाली.

त्या दिवसापासून त्याने बोलणं टाकलं. आईच्या मागे तिला तो एकटाच होता.

कंपन्यांच्या वकिलाने तिला दिवसभर उलटसुलट विचारलं. "बाई, तुमचं नेमकं किती नुकसान झालं?"

"ते तुम्हीच सांगा ना. भाव चोरून तुम्ही ठरवलेत."

मग त्यांनी डाव टाकला. तिला एकटीला नव्या गाडीइतकी रक्कम, तिने फक्त नाव मागे घ्यायचं. ती गेली की सगळ्यांचा दावा लटकला. तेव्हा तिची गाडी बंद पडलेली आणि बाई बस बदलत कामाला यायची.

मी म्हटलं, "घे की गं. कोण बघतंय?"

आमच्या गावात असं बोलू नये. संप फोडून मागच्या दाराने कामावर गेलेल्याच्या नातवाच्या लग्नालाही इथे कुणी जात नाही.

"सगळे बाहेर उभे असताना मी मागच्या दाराने आत शिरू? संपात शेवटपर्यंत बाहेर उभ्या राहिलेल्या बापाची मुलगी आहे मी."

मला तिचा असा राग आला, की मी डेलबर्टला फोन करून ती एवढी रक्कम नाकारतेय, ते सगळं सांगितलं. तो ऐकून फोन ठेवून मोकळा.

शेवटी कंपन्या नमल्या. सगळ्यांना भरपाई द्यायचं त्यांनी कबूल केलं. अखेरच्या सुनावणीत न्यायाधीशबाईंनी विचारलं, "या तडजोडीला ग्राहकांपैकी कुणाची हरकत आहे?"

मागच्या बाकावरून युनियनचं जाकीट घातलेला डेलबर्ट उठला. अर्लीनने माझा हात आवळला.

"मीही गाडी घेतली होती, म्हणजे मीही या ग्राहकांतलाच. हरकत नाही. एवढंच लिहून घ्या, की ही माझी बहीण आहे."

न्यायाधीशबाईंनी ते लिहून घ्यायला लावलं.