मोरीतली चिचुंद्री

परवा भांडी घासताना मोरीतून तो जुना उग्र वास आला आणि लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला. मुरगूडहून सासरचे पावणे आले होते. ते बाहेरच्या खोलीत, मधे पडदा, आणि मी सकाळपासून स्वयंपाकघरात रश्श्याच्या वाफेत उभी. कोपऱ्यातल्या उंदराच्या पिंजऱ्यात भज्याच्या वासानं काहीतरी सापडलं होतं आणि चिरचिरत जाळीतून लांब टोकदार नाक सारखं बाहेर काढत होतं. पिंजरा बुडवायला सासूबाईंनी बादली भरायला घेतली. मी प्राणिशास्त्र शिकलेली, मला राहवलं नाही. "आत्ती, उंदीर न्हाय ओ, चिचुंद्री हाय. झुरळं खाती. ती आणि अंगाचा काटेरी चेंडू करणारा जाहक एका गणातले, उंदरांचा गणच वेगळा." पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं. सासूबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "ह्या घरात उंदराला उंदीरच म्हणत्यात. शिकून घे." त्या पावण्यांना पाणी द्यायला गेल्या तेवढ्यात मी परसात जाऊन पिंजरा उघडला. समोर अख्खं परस मोकळं होतं, पलीकडं उसाचं रान होतं. चिचुंद्रीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीला अंग घासत ती निघाली आणि मोरीच्या भोकातून पुन्हा घरातच शिरली. परवा माझी लेक नाक दाबून म्हणाली, "आई, उंदीर हाय काय गं आत?" मी हातातलं भांडं विसळलं आणि म्हणाले, "व्हय, उंदीरच हाय."