हरणांच्या वाट्याच्या शेंगा

बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर मी घरीच होते. सकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा आणि उरलेल्या वेळात मायच्या हाताखाली शेळ्यांचं, रानातलं काम करायचं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळं मला कुणी काम सांगत नसे. मीच मागून घ्यायची. आता नांदेडला नोकरी करताना ते वर्ष आठवलं की वाटतं, त्या दिवसांत मी जागी होते की झोपेत चालत होते?

अहमदपूरहून आमच्या गावाला येणारी एसटी माळाच्या कडेनं वळते, तिथं आमचं रान. रान म्हणजे गायरानाला लागून असलेला मुरमाड तुकडा. त्याच्या एका अंगाला माळ आणि दुसऱ्या अंगाला आक्काचं काळंभोर भारी रान. माळावर हरणांचा कळप असायचा, त्यात एक काळवीट. आक्का आमची नात्यातली नव्हे, पण सगळी वस्ती तिला आक्काच म्हणायची. नवरा वारलेला, मुलं पुण्याला. एकटी शेती करायची आणि एकटीच मोठ्यानं बोलायची. तिचं बोलणं ओढ्याच्या पलीकडं ऐकू जाई.

त्या साली दिवाळीनंतर आक्कानं हरभरा पेरला. आदल्या साली उगवलेला हरभरा हरणांनी मुळासकट उपटून खाल्ला होता. यंदा कोंब वर आले तशी ती आमच्या बांधावर येऊन उभी राहिली. माझे वडील, अप्पा, शेळीचं पिलू मांडीवर घेऊन त्याच्या पायातला काटा काढत होते.

"भाऊ, सांगायला आले. बांधाबांधानं तार वढून घेतली. आता करंट सोडणार."

अप्पांनी मान वर केली. "आक्का, तारेला काय कळतंय, हरीण कोन अन् माणूस कोन?"

"मंग हरणाला तरी कुठं कळतंय, हरभरा कोनाचा?"

माय चुलीपासून उठून बाहेर आली. "त्यांना दुसरं काई खायला टाकलं तर?"

"टाक की! ताट वाढ, पाट मांड. वर पापड बी ठेव."

मी हसले. माय हसली नाही. तिचा रोजचा रस्ता त्याच बांधावरून होता. दिवस उजाडायच्या आत ती त्या बांधानं ओढ्याकडं जायची आणि सांजेला गवताचा भारा घेऊन त्याच बांधानं परत यायची. हे आक्कालाही ठाऊक होतं. बराच वेळ वाद झाला. शेवटी आक्का म्हणाली, "खुडणीपतुर थांबते. त्याच्या आत माझ्या रानात एक जरी खूर उमटला, तर त्या दिवशी बटन दाबलंच समजा."

हरभरा वीतभर झाला की बायका त्याचे शेंडे खुडतात. खुडल्यावर झाड जोमानं फुटतं, फांद्या धरतं. तेव्हा हरणानं वरची चार पानं खाल्ली तरी बिघडत नाही. त्याआधी मात्र कोंबाला तोंड लागलं की तो मुळासकट उपटून येतो. म्हणजे आम्हाला सांभाळायचे होते ते एवढेच कोवळे दिवस.

मायनं सपरातली पोती ओढली. उन्हाळ्यात आम्ही दोघी ओढ्याकाठच्या बाभळींखाली पडलेल्या शेंगा वेचायचो. राखाडी, मण्यांच्या माळेसारख्या. वाळवून पोत्यांत भरल्या की शेळ्यांना हिवाळाभर पुरायच्या. त्याच शेळ्यांवर माझं कॉलेज झालं. त्यामुळं पोत्याचं तोंड सुटलं तेव्हा मला कसंतरीच झालं. मी म्हणाले, "माय, शेळ्यांना कमी पडतील."

"पडू दे थोड्या. शेळ्यांना मी हाय. त्यांना कोन हाय?"

पहिल्या दिवशी आम्ही माळाच्या तोंडाशी गोणपाट अंथरलं आणि त्यावर शेंगांचा ढीग घातला. जन्मभर शेळ्या पाळलेल्या आम्ही, दुसरं काय सुचणार? सांजेला जाऊन पाहिलं तर ढीग फस्त. मी आनंदानं पळतच घरी निघाले, तर वस्तीतल्या शेळ्या तोंड चाटत समोरून येत होत्या. आक्का तिच्या बांधावरून बघत होती.

"मास्तरीणबाई! तुमची हरणं लई लवकर माणसाळली की. बें बें करायलीत!"

दुसऱ्या दिवशी अप्पा, माय आणि मी बराच वेळ नुसते माळाकडं बघत बसलो. हरणं गोणपाटावर कधी जेवली असतील? अप्पा म्हणाले, "ढीग दिसला की मला बी भ्या वाटलं असतं. कोनी ठिवला, कामून ठिवला." मग आम्ही आणखी आत, माळाच्या मध्यावर ज्या दोन जुन्या बाभळी होत्या, त्यांच्याखाली शेंगा विखुरल्या. मुठीनं पेरल्यासारख्या. झाडानंच टाकल्या असं वाटावं म्हणून मी काही गवतात ढकलल्या, आणि माय मला हसली.

काही दिवस नुसती होल्या-पारव्यांची पावलं दिसली. मग एका सांजेला ती आली.

मी बांधाच्या खाली, तुरीच्या ओळीत बसले होते. ऊन गेलेलं होतं पण उजेड राहिलेला होता, तो आमच्या माळावर हिवाळ्यात बराच वेळ रेंगाळतो. त्या उजेडात आधी काहीच नव्हतं. मग गवताचाच रंग हलायला लागल्यासारखं झालं. एक मादी, तिच्यामागं दुसरी. प्रत्येक पाऊल उचलून, जरा हवेत धरून मग खाली ठेवायच्या. काळवीट सगळ्यांच्या मागं उभा होता, त्याची पिळदार शिंगं बाभळीच्या फांद्यांत मिसळून गेली होती, आणि तो हलला तेव्हा मला झाडच चाललंय असं वाटलं. शेंगा चावल्याचा बारीक कडकड आवाज येत होता. चुलीत काटक्या मोडाव्यात तसा. मी श्वास धरून बसले. अभ्यास, परीक्षा, पुढं काय होणार ही रोजची धास्ती, यातलं काहीही त्या वेळी माझ्यापाशी नव्हतं. घरी गेले तेव्हा मायनं विचारलं, "आली?" मी नुसती मान हलवली. तिनं भाकरीवर जास्तीचं तेल वाढलं.

त्यानंतर मी रोज जायची. शेंगा संपत आल्या तशी रस्त्याच्या कडेच्या वेड्या बाभळीच्या पिवळ्या शेंगा वेचून आणायची. त्यांना गुळाचा वास येतो. ओंजळ भरून विखुरताना तो वास हाताला लागायचा आणि मग पुस्तकाच्या पानांनाही. आक्का रोज सकाळी तिच्या रानात कंबर वाकवून खूर शोधायची. सापडायचा नाही. "अजून खुडणी व्हायचीय," असं आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

खुडणी अगदी तोंडावर आली असताना एक सकाळ धुक्याची उजाडली. असं धुकं आमच्याकडं क्वचित. माय नेहमीसारखी शेंगांचं पोतं घेऊन आधीच निघून गेली होती. मी मागून गेले. बाभळींखाली कालच्या शेंगा तशाच, वरून दवानं चमकणाऱ्या. एकीलाही तोंड नव्हतं. तिथं माय नव्हती आणि हरणंही नव्हती.

हरणं इथं नाहीत म्हणजे ती हरभऱ्यात आहेत. आणि हरभऱ्यात आहेत म्हणजे आक्का बटन दाबणार. आणि माय कुठं आहे? धुक्यात हाक मारली तर ओ आली नाही. मी बांधाकडं पळाले. तार दिसली तिथं थांबले, हात छातीशी धरून. तारेवर दवाचे थेंब रांगेनं लटकत होते.

पलीकडं आक्का उभी होती, डोक्यावरून शाल घेतलेली. तिच्या शेजारी माझी माय. पोतं पायाशी.

"गप ऱ्हा," आक्का म्हणाली. इतक्या हळू आवाजात ती बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

तिच्या रानातून कळप चालला होता. वाट चुकली असावी, किंवा कुत्र्यांनी वळवला असावा. निम्मी निम्मी हरणं दिसायची. कुणाची नुसती पाठ, कुणाचे कान. कोवळ्या हरभऱ्यातून ती पाय उचलून उचलून चालली होती. एकीनं मान खाली घातली, चार पानं तोडली, तोंड वर केलं, आणि बाकीच्यांच्या मागं निघाली. तारेजवळ आल्यावर पहिलीनं उडी घेतली. ती वर गेली आणि धुक्यात कुठं उतरली ते दिसलंच नाही. मग दुसरी. मग सगळी. शेवटी काळवीट. थोड्या वेळानं बाभळींकडून तो ओळखीचा कडकड आवाज आला.

"बघ," माय म्हणाली, "तुझ्या हरभऱ्यावर न्हाई ती. पलीकडं जायची घाई हाय."

"खूर तर उमटले न्हवं माझ्या रानात," आक्का म्हणाली.

"उमटले."

"लाईट बी हाय."

मग आक्कानं शालीचा पदर नाकाला लावला. "तुझी माय अशी अंधारात पोतं घिऊन तारेच्या कडंनं जायली, तेव्हाच तारेला करंट जातो त्या मोटारीच्या पेटीतून फ्यूज काढून ठिवला मी. कव्हाचाच. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही शेंगा टाकायचं सोडलं असतं."

"आक्का!" माय तिच्यावर ओरडली. "इतके दिवस माझ्या काळजाचं पाणी केलंस की!"

"मंग? माझा हरभरा वाचला न्हवं?"

दोघी हसायला लागल्या आणि त्या हसण्यानं कळप क्षणभर थांबला, आवाज बंद झाला, पुन्हा सुरू झाला.

खुडणी झाली. आक्कानं तार गुंडाळून ठेवली आणि आम्ही शेंगा टाकायचं थांबवलं, कारण उरलेल्या शेंगा शेळ्यांना हव्या होत्या. तरी काही सांजा कळप बाभळींखाली येत राहिला. रिकाम्या गवतात तोंड घालायचा, मग मान वर करून आमच्या वस्तीकडं बघत उभा राहायचा. मला ते बघवत नव्हतं. मी एकदा मूठभर शेंगा पदरात घेऊन निघालेही, तर मायनं अडवलं.

"सवय मोडू दे पोरी. आपल्या हातावर किती दिस जगतील?"

मी तुरीच्या ओळीत जाऊन बसले, रिकाम्या हातांनी. तीच वेळ, तोच रेंगाळणारा उजेड. बराच वेळ वाट पाहिली. त्या सांजेला हरणं आली नाहीत. दूर, माळाच्या उतारावर, जिथं गवत उंच वाढलेलं होतं, तिथं काही ठिपके हलत होते, किंवा हलल्यासारखे वाटत होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण जरा उशिरानं. घरी येताना, अर्ध्या वाटेत.