देवीच्या घरची गोधडी

पाथर्डीच्या अंगाला, माळाच्या कडेला गोजरबाईचं घर होतं. लहानपणी तिला देवी आल्या आणि तोंडभर वण ठेवून गेल्या. त्याच वणांनी तिला पुढं गावात मान दिला. कुणाच्या घरी देवी आल्या की तिला बोलावणं यायचं. आजाऱ्याच्या उशाशी ती लिंबाच्या डहाळीनं वारा घालत बसायची. देवी एकदा येऊन गेली की त्या माणसाला पुन्हा शिवत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

खपल्या झडून पोर उठलं, की त्याची गोधडी जाळायची नाही, देवी कोपते. सेवा करणारीच्या पदरात ती नारळासकट घालायची, असा रिवाज. गोजरबाईच्या घरातले सगळे देवीची लस टोचलेले, त्यामुळं आजवर काही बिघडलं नव्हतं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात गावातल्या रंगनाथचं पोर देवीतून बरं झालं आणि अशीच एक गोधडी घरी आली. लेक मनकर्णा बाळंतपणाला माहेरी होती. तान्ह्या नातीखाली ती मऊ गोधडी गोजरबाईनंच अंथरली.

दुसऱ्या दिवशी देवी टोचणारा राधाकृष्ण दारात आला.

"मावशी, ही गोधडी कुठली?"

"रंगनाथच्या घरची. मानाची हाय."

"हिच्यात खपल्यांचा भुगा असंल. पोरीला लागण व्हईल."

"त्याचं पोर मी मांडीवर घेतलं. मला काय झालं?"

"तुमचं अंग एकदा देवीशी झुंजलंय, त्याला डाव ठाऊक हाय. ही पोर कधी झुंजली?"

गोजरबाईनं पोरीला गोधडीवरून उचलून पुढं धरलं. त्यानं बाळाच्या दंडावर टोचलं. "लस आधी पोचली तर पोर वाचंल. गोधडी मात्र जाळा."

शेजारची रंगुबाई कुडाआडून ऐकत होती. "जाळ बाई. मग तुला कोण दारात उभं करतंय ते बघ."

"नगं करू दे," गोजरबाई म्हणाली आणि काडी ओढली.

मग वाट बघणं आलं. पोरीचं अंग तापलं, दंड सुजला. गोजरबाई उजेडात नेऊन तिचं कपाळ न्याहाळायची. कपाळ नितळच राहिलं. दंडावरचा एकच फोड पिकला आणि वाळला.

पावसाळ्याआधी वरच्या आळीत देवी आल्या. गोजरबाईला बोलावणं आलं नाही. ती आपणहून गेली आणि उंबऱ्याबाहेरूनच तिनं विचारलं, "घरात तान्हं कुनी हाय का? त्याला आधी टोचून घ्या. मग मी आत येते."